जीर्ण मद्याची जिव्हापरीक्षा : बोर्दोच्या तांबड्या द्राक्षमद्याच्या निमित्ताने

'आसव जितके जुने तितके गुणकारी' हे वाक्य आपल्या व्यवसायात इतक्या वेळा उच्चारले जाते की, त्याचा अर्थ तपासून पाहण्याची गरज कोणास भासत नाही. शार्ङ्गधरसंहितेत आसवे, धातूंची भस्मे व रसकल्प ही जुनी झाल्यावर गुणयुक्त होतात असे सांगितले आहे. चरकसंहितेत नवे मद्य गुरू व दोषप्रकोपक, तर जुने मद्य स्रोतसांचे शोधन करणारे, दीपन, लघु व रुचिकर म्हटले आहे. वचने स्पष्ट आहेत. परंतु जुने म्हणजे किती जुने, कोणत्या भांड्यातले, कोणत्या जागी ठेवलेले, आणि मुळात जे द्रव्य जुने होण्यास पात्रच नाही त्याचे काय, हे प्रश्न औषधनिर्मात्याने स्वतःस विचारावयाचे असतात. आपण ते फारसे विचारत नाही, असा आमचा अनुभव आहे.

फ्रान्सच्या नैर्ऋत्य भागातील बोर्दो या प्रदेशाने हे प्रश्न पिढ्यान्‌पिढ्या विचारले आहेत. तेथील उत्तम तांबडे द्राक्षमद्य वीस, तीस, क्वचित पन्नास वर्षेही टिकते व त्या काळात त्याचा रस बदलत जातो. कोणते मद्य टिकेल व कोणते नाही, याचा अंदाज ते कोवळे असतानाच जिभेवरून बांधण्याची विद्या तेथे विकसित झाली आहे. ती विद्या संधानकल्पनेच्या अभ्यासकास उपयोगी आहे, म्हणून हा लेख. 'वाईन' या शब्दासाठी आम्ही येथे 'द्राक्षमद्य' हाच शब्द वापरला आहे. आपल्या ग्रंथांतील मार्द्वीक ते हेच.

एक खुलासा आरंभीच केलेला बरा. तांबडे द्राक्षमद्य हृदयास हितकर, हा समज १९९१ साली एका अमेरिकन दूरचित्रवाणी कार्यक्रमाने जगभर पसरला आणि १९९२ साली 'लॅन्सेट'मधील रेनो व द लोर्जेरिल यांच्या लेखाने त्यास वजन आले. पुढील संशोधनात त्या समजाचा पाया डळमळीत झाला. कर्करोगाच्या आंतरराष्ट्रीय संशोधनसंस्थेने मद्यास १९८८ सालीच निश्चित कर्ककारक द्रव्यांच्या वर्गात घातले होते. मद्याची कोणतीही मात्रा पूर्णतः निर्धोक म्हणता येत नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये सांगितले. तेव्हा आपल्या रुग्णास द्राक्षमद्य सुचविण्यासाठी या लेखाचा आधार कोणी घेऊ नये. आम्हांस येथे प्रयोजन आहे ते रस, काल व भाजन यांचे.

भूमी व फल

गारोन व दोर्दोन्य या नद्या बोर्दो शहराच्या खाली एकत्र येतात व त्यांची जिरोंद नावाची रुंद खाडी होते. खाडीच्या डाव्या तीरावर मेदोक हा चिंचोळा पट्टा आहे. त्यातील पोइयाक, सें-ज्युलियां, मार्गो ही गावे उत्तम तांबड्या मद्यासाठी विख्यात आहेत. जमीन अगदीच निकृष्ट : वर गोटे व खडी, खाली कोठे कोठे चिकणमाती. पाणी वरच्या थरात ठरत नाही, त्यामुळे वेलीस मुळे खोल न्यावी लागतात. गोटे दिवसा तापतात व ती ऊब राखतात. अशा भूमीत फल थोडे येते, पण घट्ट येते. भूमीच्या परीक्षेवाचून द्रव्याची परीक्षा नाही, हे आपणांस निराळे सांगावयास नको.

येथील मुख्य द्राक्ष कॅबर्ने सोव्हिन्यों. मणी लहान, साल जाड, बी त्या मानाने मोठे. आपल्याकडे खाण्यासाठी लावल्या जाणाऱ्या टपोऱ्या, पातळ सालीच्या, बिनबियांच्या द्राक्षाच्या हे अगदी उलट. काळ्या द्राक्षाचा गर बहुधा वर्णहीन असतो. वर्ण व कषायत्व सालीत असते. बियांत कषायत्व असते, वर्ण नसतो. म्हणून साल व बियांचे प्रमाण जितके अधिक, तितके मद्यास टिकविणारे द्रव्य अधिक. हे द्राक्ष उशिरा पिकते आणि पुरते पिकले नाही तर मद्यास ढोबळ्या मिरचीचा हिरवा वास येतो. त्याच्या जोडीला लवकर पिकणारे, मांसल व मृदू मेर्लो, शिवाय थोडेसे कॅबर्ने फ्रां व पेती व्हेर्दो घालतात. आपल्या योगांत प्रधान द्रव्याबरोबर सहायक द्रव्ये असतात, तशीच ही योजना.

१८५५ साली पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनाच्या वेळी बोर्दोच्या दलालांनी मेदोकमधील मळ्यांची (तेथे 'शातो' म्हणतात) पाच श्रेणींत वर्गवारी केली. निकष होता बाजारात दीर्घकाळ मिळत आलेली किंमत. ती यादी आजही जवळजवळ तशीच चालू आहे; १९७३ साली शातो मुतों-रोथशिल्ड दुसऱ्या श्रेणीतून पहिल्या श्रेणीत आले, एवढाच मोठा बदल. पहिल्या श्रेणीत एक नाव 'शातो लातूर' आहे. मराठवाड्यातील वैद्यबंधूंस नामसाम्याची गंमत वाटेल, पण संबंध काही नाही. 'ला तूर' म्हणजे मनोरा. पोइयाकच्या दक्षिण टोकास, खाडीच्या अगदी जवळ, या मळ्याचा सुमारे ४७ हेक्टरांचा जुना गाभा आहे. दीर्घायुषी मद्याचे उदाहरण म्हणून त्याचेच नाव प्रथम घेतले जाते. त्याच्याकडे पुढे पुन्हा यावयाचे आहे.

संधान

कृती तत्त्वतः आपल्या ओळखीची आहे. द्राक्षे देठांतून सोडवून, फोडून, सालीबियांसकट मोठ्या पात्रात घालतात. पाणी घालत नाहीत. गूळ-साखरही एरवी घालत नाहीत. थंड वर्षी फल कमी गोड राहिले तर ठराविक मर्यादेत साखर घालण्याची मुभा असते, एवढेच. किण्वाने द्राक्षशर्करेचे मद्य होते, पात्र तापते, साली वर तरंगतात आणि त्यांवर खालचा रस पुनःपुन्हा ओतला जातो. दोन-तीन आठवडे रस सालींच्या सहवासात राहतो. त्यानंतर जिवाणूंच्या क्रियेने तीक्ष्ण आंबट मॅलिक आम्लाचे सौम्य लॅक्टिक आम्ल होते. आपण धायटीची फुले घालून जे कषायत्व बाहेरून आणतो, ते तेथे द्राक्षाच्या सालीबियांतूनच येते. सर्व शर्करा खर्ची पडते, म्हणून तयार मद्य मधुर नसते. हा आपल्या आसवांहून मोठा भेद आहे.

मग ओकच्या लाकडाची २२५ लिटरची पिंपे. यांत मद्य साधारण दीड वर्ष राहते. लाकडाच्या रंध्रांतून व पिंप हाताळताना अत्यल्प हवा लागते, लाकडाचेही थोडे कषायद्रव्य उतरते. दर काही महिन्यांनी गाळावरून निथळून ते दुसऱ्या पिंपात घेतात. शेवटी पुष्कळ ठिकाणी अंड्यांचा पांढरा भाग फेटून घालतात. त्यातील प्रथिन रुक्ष कषायद्रव्यास धरून तळाशी बसते. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी, कारण तीच क्रिया आपल्या मुखात होते.

कषाय : प्रधान रस ते अनुरस

आमच्यापैकी एकाचा भाचा तूलूझ येथे नोकरीस आहे. त्याने पोइयाकच्या एका शातोच्या दोन बाटल्या आणल्या, एक २०१६ सालची व एक १९९६ सालची. शातो पाचांपैकी खालच्या श्रेणीतले. लातूर आमच्या ऐपतीपलीकडचे. आम्ही तिघांनी घोट घोट घेऊन, पुष्कळसे थुंकून, टिपणे केली. (परवान्याची बाब वाचकांनी रीतसर समजावी.)

२०१६ चे मद्य पेल्यात पिकल्या जांभळासारखे, कडेपर्यंत गडद. वासात काळ्या आंबटगोड फळांचा बहर व नव्या लाकडाचा किंचित व्हॅनिला. मुखात घेताच प्रथम फलाचा भास, लगेच अम्लता, आणि मग कषाय. जीभ, हिरड्या व गालांची आतली बाजू आवळल्यासारखी झाली. चरकसंहितेत कषायाचे लक्षण सांगताना जिभेचे वैशद्य, स्तंभ व जाड्य आणि कंठ बांधल्यासारखा होणे असे वर्णन आहे. त्याहून नेमके शब्द आम्हांस सुचले नाहीत. आधुनिक शास्त्र कषायास चवीपेक्षा स्पर्शसंवेदना मानते. लाळेतील, प्रोलीन अधिक असलेली प्रथिने टॅनिनशी बांधली जाऊन त्यांचा साका होतो व मुखातील वंगण नाहीसे होते, अशी त्याची उपपत्ती आहे. पिंपात अंड्याच्या पांढऱ्या भागाने जे घडते, ते येथे लाळेने घडते. कषायास रुक्ष व स्तंभन म्हणताना आचार्यांनी जिभेवरचा हाच प्रत्यय घेतला असावा.

आता मुख्य मुद्दा. मद्य टिकेल की नाही हे पाहताना बोर्दोचा जाणता परीक्षक 'कषाय आहे का' एवढेच विचारत नाही. 'कोणत्या जातीचा कषाय आहे' हे विचारतो. कच्ची सुपारी, कच्चे केळे, डाळिंबाची साल, कात, हिरडा, दुधाविना उकळलेला चहा, जांभूळ : ही सर्व कषाय आहेत; पण जिभेवर प्रत्येकाचा पोत वेगळा. कच्च्या बियांतून आलेले कषायत्व खरखरीत व तिक्तमिश्रित असते आणि हिरड्यांवर चिकटून राहते. पक्व सालीतून आलेले दाट असूनही मखमलीसारखे असते. आवळते, पण बोचत नाही. पहिल्या प्रकारचे मद्य पंधरा वर्षांनीही पुष्कळदा रुक्षच राहते.

याचे प्रसिद्ध उदाहरण १९७५ साल. त्या वर्षीचे मेदोकचे मद्य कोवळेपणी अतिशय कठोर होते. कठोर आहे म्हणजे दीर्घकाळ टिकून सुंदर होईल, असे पुष्कळांनी मानले. काही मोजकी मद्ये तशी झालीही. परंतु अनेकांत फलाचा गंध व मांसलपणा आधी विरून गेला आणि कषाय तसाच उरला, म्हणजे रस गेला व चोथा राहिला. उलट १९८२ चे मद्य कोवळेपणीच इतके मृदू व फलपूर्ण होते की ते टिकणार नाही असे काहींचे मत पडले. अमेरिकन समीक्षक रॉबर्ट पार्कर याने त्याच्या बाजूने ठाम मत दिले व त्याची कीर्ती त्यावरच उभी राहिली. त्या वर्षीची उत्तम मद्ये पुढे अनेक दशके टिकली. दीर्घायुष्याचे लक्षण केवळ कठोरपणा नव्हे. कषाय, अम्ल, मद्यांश व फलाचे सत्त्व ही चारही मोठी असावी लागतात व एकमेकांस पेलावी लागतात. यांत अम्लाचे काम आम्हांस विशेष वाटते. कषाय मुख कोरडे करतो, अम्ल लाळ सोडवितो; एकाच घोटात दोन्ही क्रिया चालू असल्या म्हणजे मद्य जिवंत भासते. अम्ल कमी पडले तर तेच मद्य जड व निस्तेज लागते, शिवाय जंतुदोषासही लवकर बळी पडते.

२०१६ चा घोट गिळल्यानंतर (वा थुंकल्यानंतर) फलाचा गंध बराच वेळ राहिला व कषाय त्याच्या आत विरघळत गेला. आमच्या अल्पमतीने तरी ते मद्य आणखी वीस वर्षे नेण्यासारखे आहे.

१९९६ ची बाटली दोन दिवस उभी ठेवून, गाळ हलू न देता निथळून घेतली. तळाशी काळपट तांबडा, पापुद्र्यांसारखा साका निघाला. रंग मध्यभागी माणकासारखा, कडेस भाजलेल्या विटेसारखा. गंधात कोवळ्या फळाचा मागमूस थोडा. त्याऐवजी देवदाराचे लाकूड, तंबाखूची वाळलेली पाने, जुने चामडे, पावसाने भिजलेल्या पाचोळ्याची माती. मुखात कषाय होता, परंतु तो आता पुढे येऊन बोलत नव्हता. आधी एक मंद, जवळजवळ मधुर भास, मग अम्ल, आणि शेवटी मागून येणारा कषाय. आपल्या शास्त्रात जो प्रथम व व्यक्तपणे कळतो तो रस व जो मागाहून वा अस्पष्टपणे कळतो तो अनुरस. हा भेद आम्ही विद्यार्थ्यांस वर्षानुवर्षे शिकवीत आलो. एकाच द्रव्यात कालाने प्रधान रसाचा अनुरस झालेला इतक्या स्पष्टपणे मात्र आम्ही त्या दिवशीच अनुभवला. तासाभरानंतर तोच पेला ओसरू लागला, दीड तासाने त्यात विशेष काही उरले नाही. जुन्या मद्याचे वैभव असे अल्पजीवी असते.

काल काय करतो

बाटलीत काय घडते याचा पहिला पद्धतशीर शोध लुई पाश्चरने घेतला. फ्रेंच मद्ये बिघडतात म्हणून सम्राट तिसऱ्या नेपोलियनने १८६३ साली त्यास हे काम सांगितले व १८६६ साली त्याचा मद्यावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्याने काही काचनळ्या मद्याने काठोकाठ भरून बंद केल्या, काही अर्ध्या भरल्या. पूर्ण भरलेल्यांतील मद्य जवळजवळ बदलले नाही. अर्ध्या भरलेल्यांत वर्ण उतरला व साका बसला. मद्यास प्रौढ करणारी हवा आहे, आणि बिघडविणाऱ्या जंतूंस वाढविणारीही हवाच आहे. फरक मात्रेचा. आज आपण जाणतो की अत्यल्प प्राणवायूने मद्यांशापासून किंचित ॲसिटाल्डिहाइड होते, ते वर्णद्रव्य व टॅनिन यांस एकमेकांशी जोडते, आणि सालीतील मूळ जांभळ्या वर्णद्रव्याच्या जागी विटकरी, अधिक स्थिर संयुगे येतात. काही संयुगे इतकी मोठी होतात की साक्यात बसतात. टॅनिन केवळ वाढून मोठे होते असेही नाही. अम्ल माध्यमात त्याचे बंध तुटतातही, नवे जुळतातही, आणि या उलथापालथीत त्याचा लाळेवरील जोर बदलतो.

म्हणून ओकच्या झाडाचे बूच, बाटली आडवी ठेवणे म्हणजे बूच ओले राहून आकसू नये, अंधार, आणि १२ ते १४ अंश तापमानाचे तळघर. तेच मद्य २५ अंशांत ठेवले तर जलद प्रौढ होते असे म्हणणे अर्धवट आहे. ते जलद वृद्ध होते. मधली पायरी नीट येतच नाही. बाटलीचा आकारही महत्त्वाचा. दीड लिटरच्या बाटलीत मद्याच्या मानाने हवा कमी, म्हणून परिणमन संथ.

चरकसंहितेच्या विमानस्थानात संस्काराची साधने सांगताना जल, अग्निसंयोग, शौच, मंथन यांबरोबर देश, काल, भाजन यांचाही उल्लेख आहे. काल हा त्या यादीत एकटा नाही, हे आमच्या मते या सर्व विवेचनाचे सार. भाजन चुकले वा देश चुकला तर कालाने संस्कार होत नाही, ऱ्हास होतो.

शिवाय कालास उतार असतो. प्रत्येक मद्याची चढण, माथा व उतरण असते. जगात तयार होणाऱ्या द्राक्षमद्यापैकी फार मोठा भाग वर्ष-दोन वर्षांतच प्यावयाचा असतो. त्यास दहा वर्षे ठेवल्याने तो 'जीर्ण' होत नाही, नुसता शिळा होतो. बोर्दोतही १९९७ सारख्या हलक्या वर्षाचे मद्य लवकर संपविण्याचा सल्ला दिला जाई.

आता शातो लातूर. बोर्दोत रीत अशी की मद्य पिंपातच असताना, सुगीनंतरच्या वसंतात, व्यापाऱ्यांस आगाऊ विकावयाचे. माल दोनेक वर्षांनी पोचतो. शातोस पैसा लगेच मिळतो, व ते मद्य प्रौढ होईपर्यंत कोण, कोठे, कसे ठेवील याची जबाबदारी गिऱ्हाइकावर जाते. एप्रिल २०१२ मध्ये लातूरने जाहीर केले की २०११ च्या मद्यानंतर आपण ही आगाऊ विक्री बंद करीत आहोत. मद्य आपल्याच तळघरात राहील व पिण्याजोगे झाले असे आपणांस वाटेल तेव्हाच बाहेर येईल. यात व्यापारी हिशेब नव्हता असे कोणी म्हणणार नाही. प्रथम श्रेणीच्या इतर शातोंनी तो मार्ग धरला नाही, हेही खरे. परंतु 'जीर्ण' हा शब्द लावण्यापूर्वी ते जीर्णत्व स्वतःच्या देखरेखीखाली घडविण्याची तयारी आम्हांस विचार करण्याजोगी वाटते.

आपल्या बरण्यांकडे

विचार करण्याजोगी अशासाठी, की आमच्याच हातून याच्या उलट घडले आहे. २०१३ साली आमच्या औषधालयात द्राक्षासवाच्या चार मोठ्या बरण्या होत्या, चार वर्षांच्या. जागेअभावी त्या पत्र्याच्या माळ्यावर ठेवल्या होत्या. त्यांतील एक निम्मी रिकामी. आम्ही मोठ्या अभिमानाने 'जुने द्राक्षासव' अशी चिठ्ठी लावून ते देत होतो. अर्श व अग्निमांद्याचा एक वृद्ध शेतकरी रुग्ण आठवड्यात परत आला. छातीत जळजळ, आंबट ढेकर. म्हणाला, "वैद्यबुवा, रागावू नका, पण हे औषध आंबलंय. आमच्या घरात ताक असं झालं तर म्हशीला घालतो." आम्ही त्याच्यासमोरच चमचाभर चाखले. त्याचे म्हणणे खरे होते. जीर्ण म्हणून आम्ही देत होतो ते शुक्त होते. चार वर्षांत आम्ही ते एकदाही जिभेवर ठेवले नव्हते. वर्षे मोजली, रस पाहिला नाही.

शुक्त आणि जीर्ण यांचा भेद जिभेस व नाकास लगेच कळतो. शुक्ताचा अम्ल नाकात झोंबतो व एकटाच पुढे येतो. जीर्णाचा अम्ल इतर रसांत मिसळलेला असतो. निम्म्या रिकाम्या बरणीतील हवेने मद्यांशाचे सिरक्याचे आम्ल होते. याशिवाय दुसरा एक बिघाड आहे व तो अधिक फसवा. द्राक्षासवात शर्करा बरीच उरलेली असते. उष्णतेने अम्ल माध्यमातील शर्करा करपल्यासारखी होते, वर्ण गडद होतो, काकवीसारखा वास येतो, आणि गडद वर्णामुळे ते 'मुरलेले' वाटते. द्राक्षमद्य जीर्ण होताना वर्ण फिका होतो, हे येथे स्मरावे.

आपली आसवे म्हणजे बोर्दोचे मद्य नव्हे, आणि ती तशी करण्याचे कारणही नाही. त्यांत मद्यांश कमी, शर्करा अधिक, औषधिद्रव्ये अनेक. परंतु टिकण्याचे सामर्थ्य कोठून येते हा प्रश्न समान आहे. द्राक्षासवासाठी आज सर्रास बिनबियांचा बेदाणा वापरला जातो. बियांचे कषायत्व त्यात नाही. बिया असलेली काळी मनुका महाग पडते. मग कषायाचा सारा भार धायटीवर येतो, आणि खर्च आवरताना प्रथम धायटीच कमी केली जाते किंवा गेल्या वर्षीची, वर्णगंधहीन फुले चालवून घेतली जातात. संधान होते, मद्यांशही येतो, प्रयोगशाळेचा अहवालही ठीक येतो. जीर्ण होण्याची पात्रता मात्र त्या द्रव्यात नसते. औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमावलीतील १६१-ब या नियमाने आपल्या कल्पांच्या मुदती ठरवून दिल्या आहेत; मुदत ही कमाल मर्यादा आहे, त्या काळापर्यंत गुण वाढत राहतील असे आश्वासन नव्हे. हा भेद औषधालयाच्या मालकांनी विक्रेत्यांस समजावून द्यावा असे आम्हांस वाटते, कारण 'जुने आहे म्हणून दहा रुपये अधिक' हे वाक्य आम्ही अनेक दुकानांत ऐकले आहे. २०१३ पूर्वी ते आमच्याही दुकानात बोलले जात असे.

२०१४ पासून आम्ही द्राक्षासव चिनी मातीच्या लहान बरण्यांत गळ्यापर्यंत भरून, झाकण मेणाने बंद करून, तळमजल्यावरील उत्तरेच्या खोलीत ठेवतो. १३ अंशांचे तळघर आपल्याकडे कोठून येणार. आमच्या खोलीत उन्हाळ्यात पारा ३० वर जातो. वर्षातून दोनदा, मार्गशीर्षात व ज्येष्ठात, एक लहान बरणी उघडून आम्ही तिघे उपाशीपोटी, एकमेकांशी न बोलता चाखतो व वहीत पाच रकाने भरतो : वर्ण, गंध, प्रथम रस, अनुरस, कंठातील प्रत्यय. उघडलेली बरणी त्याच महिन्यात संपवितो.

तीन बॅचवरून नियम काढता येत नाही, तरी नोंद सांगतो. बिया असलेली मनुका व पुरेपूर धायटी घातलेल्या बॅचमध्ये पहिल्या वर्षी कषाय इतका पुढे होता की रुग्ण कुरकुरत. तिसऱ्या वर्षी तो मागे गेला, गंध गोलाई धरून आला व आमच्या मते तोच माथा होता. सहाव्या वर्षी गंध मंदावला, मधुर तेवढा उरला. बेदाण्याच्या व निम्म्या धायटीच्या बॅचचा रस पहिल्या सहा महिन्यांतच सर्वांस आवडला. दीड वर्षाने ते सपाट झाले. तिसरी बॅच २०१९ ची, पहिलीसारखीच, पण तीतील काही बरण्या लाकडी पेटीत भुसा भरून ठेवल्या आहेत, काही उघड्या फळीवर. फळीवरच्या बरण्यांत काकवीचा वास पाचव्या वर्षी जाणवू लागला. पेटीतल्या दोनच उरल्या आहेत. त्यांतील एक येत्या मार्गशीर्षात उघडावयाची आहे. ज्या वैद्यबंधूंकडे स्वतः केलेल्या द्राक्षासवाची, भरल्याची तारीख ठाऊक असलेली बरणी असेल, त्यांनी तीही त्याच सुमारास उघडून वरील पाच रकान्यांत नोंद करावी व या त्रैमासिकाकडे पाठवावी.